लेक्झिंग्टनचा कॅप्टन जॉन पार्कर : कुणाचा कोण?

दप्तरबंद

नमस्कार मंडळी.

बॉस्टनच्या वायव्येला लेक्झिंग्टन नावाचं गाव आहे. आम्ही तिथून जवळच राहतो. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिच्यापासून सुरू झालं त्या तिथल्या लढाईला १९ एप्रिल २०२५ ला २५० वर्षं झाली. पहाटे साडेपाचला गावच्या हिरवळीवर तो प्रसंग दरवर्षीप्रमाणे उभा करणार होते. लेकीला उठवून, दोन-दोन स्वेटर चढवून, थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही अंधारातच गेलो. ढोल वाजला. टोप्या घातलेली सत्तर-एक माणसं दोन ओळींत उभी राहिली. समोरून लाल डगल्यांची इंग्रज फौज आली. लेकीनं माझी बाही ओढून विचारलं, "बाबा, तो पुढे उभा आहे ना कॅप्टन, तो कुणाचा कोण?"

माझी आजी दारात आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच विचारायची, "कुणाचा रे तू?" लेक इथेच जन्मली, तिनं आजीला पाहिलेलंही नाही, आणि प्रश्न तोच. त्या दिवसापासून मी या कॅप्टनच्या घराण्यामागे लागलो. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम मी काही वर्षं केलंय, त्यामुळे वंशावळ कशी जुळवतात याची थोडी सवय होती. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

कॅप्टन जॉन पार्कर. जन्म १३ जुलै १७२९, लेक्झिंग्टन. हिरवळीपासून दोनेक मैलांवर, गावाच्या दक्षिण अंगाला त्याचं शेत. शेतकरी आणि हाताचा कारागीर. पगारी शिपाई नव्हे. तेव्हाच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना गावच्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्याच लढाऊ पथकात, नाव नोंदवावं लागे, बंदूक आपापली आणावी लागे. लेक्झिंग्टनचे लोक आपल्या पथकाला 'ट्रेनिंग बँड' म्हणत. 'मिनिटमेन' हे नाव आज सर्रास वापरतात, पण या गावच्या तोंडी ते नव्हतं. पथकाचा कॅप्टन पथकातलेच लोक मतानं निवडत. म्हणजे ज्यांच्या शेताला शेत लागून, ज्यांच्याशी सोयरीक, त्यांनीच "तू पुढे उभा राहा" म्हणून सांगितलेला हा माणूस.

आता मागे जाऊ.

पहिला पुरुष थॉमस पार्कर. १६३५ मध्ये 'सुझन अँड एलन' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून आला. आधी लिन इथे, मग जवळच रेडिंग गाव वसवणाऱ्यांत. तिथल्या चर्चचा डीकन. त्याचा मुलगा हनानाया, रेडिंगच्या मिलिशियात लेफ्टनंट, गावाचं दप्तर लिहिणाराही. हनानायाचा मुलगा जॉन, सुतारकाम करणारा. यानं १७१२ च्या सुमारास रेडिंग सोडून आज ज्याला लेक्झिंग्टन म्हणतात तिथे जमीन घेतली. तेव्हा त्या भागाला केंब्रिज फार्म्स म्हणत, १७१३ मध्ये ते स्वतंत्र गाव झालं. त्या जॉनचा मुलगा जोसाया. हाही लेफ्टनंट. कर आकारणी, गावाचं दप्तर, पंचांतली जागा, गावानं दिलेलं जवळपास प्रत्येक काम यानं वर्षानुवर्षं केलं. जोसाया आणि ॲना स्टोन यांचा मुलगा आपला कॅप्टन जॉन.

थॉमस, हनानाया, जॉन, जोसाया, जॉन. पाच पिढ्या आणि मध्ये एकही खंड नाही. का नाही, तर दप्तर यांच्याच घरात होतं म्हणून. जन्म, लग्न, मृत्यू, जमिनीचा बांध, कर किती भरला, हे सगळं गावाच्या वहीत लिहिणारा हात त्याच घरातला. आपल्याकडेही जुन्या घराण्यांत कुलकर्ण्यांची वंशावळ हमखास शाबूत सापडते. कारण तेच.

मला या माणसात गुंतवून ठेवलं ते त्याच्या लढाईनं नाही. १९ एप्रिलच्या पहाटे जो हिरवळीवर उभा राहिला तो सेनापती नव्हता, भावकीच्या पुढे उभा राहिलेला घरचा माणूस होता. हजेरीपट वाचताना आडनावंच मोजावीत. पार्कर, हॅरिंग्टन, मन्रो, स्मिथ, रीड. एकेका आडनावाची बरीच माणसं. बाप-लेक शेजारी शेजारी. रॉबर्ट मन्रो हा साठी उलटलेला निशाणदार, १७५८ च्या लुईबर्गच्या मोहिमेत झेंडा धरलेला माणूस. त्याचे दोन मुलगे आणि दोन जावई त्याच रांगेत. त्यातला एक जावई विल्यम टिड पथकाचा लेफ्टनंट. रॉबर्ट तिथेच पडला. जोनस पार्कर, कॅप्टनचा सख्खा चुलतभाऊ, तोही तिथेच पडला. गावात सांगतात ते असं : "मी पळणार नाही" असं तो आधीच म्हणाला होता. टोपी काढून दोन पायांच्या मध्ये ठेवली, तिच्यात गोळ्या आणि चकमकीचे दगड. पहिली गोळी लागून गुडघ्यावर आला, दुसऱ्यांदा बंदूक भरत होता तेवढ्यात संगीन लागली.

कॅप्टननं हे पाहिलं असणार. तेव्हा त्याचं वय ४५. क्षयानं पोखरलेला. त्यानंतर जेमतेम पाच महिने जगला, १७ सप्टेंबर १७७५ ला गेला. मागे बायको लिडिया आणि सात मुलं.

कॅप्टनचा नातू थिओडोर पार्कर याच्याबद्दल वेगळं लिहितो, तो या वंशावळीतला मोठा माणूस आहे. आधी हे वाचून सांगा.

रानपाखरू

फार सुरेख लिहिलंय. एक शंका आणि एक विनंती.

शंका अशी की गावाच्या दप्तराची तुलना कुलकर्णीपणाशी जरा जपून करायला हवी. आपल्याकडे कुलकर्ण हे वतन होतं. बापाचं मुलाला, नाहीतर भाऊबंदांत वाटणी, त्यासाठी महजर, त्यासाठी पिढ्यानपिढ्यांचे तंटे. तुम्ही म्हणता ती न्यू इंग्लंडची पदं दरवर्षी गावसभेत निवडून दिली जात. जोसायाला बापाकडून पद मिळालं नाही, गावानं दिलं. मिलिशियाच्या कॅप्टनचंही तेच. आपल्या पाटलाला रयतेनं निवडलं नव्हतं.

विनंती ही की त्या पहाटे नक्की काय झालं ते सविस्तर सांगा. "पहिली गोळी कुणाची" हे वाचायला आवडेल.

दप्तरबंद

रानपाखरू, बरोबर पकडलंत. वतन आणि नेमणूक हा फरक मोठाच आहे. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की लेखणी ज्या घरात जाते त्या घराच्या आठवणी टिकतात. मग ती वतनानं जावो की मतानं.

आता ती रात्र.

बॉस्टनहून इंग्रजांची सुमारे ७०० माणसं कॉन्कॉर्डकडे निघाली, तिथला दारूगोळा जप्त करायला. लेक्झिंग्टनला पाद्री जोनस क्लार्कच्या घरी इंग्रजांविरुद्धच्या चळवळीचे पुढारी जॉन हॅनकॉक आणि सॅम्युएल ॲडम्स उतरले होते. मध्यरात्री पॉल रिव्हिअर घोड्यावरून वर्दी घेऊन आला. गावची घंटा वाजली. शंभरावर माणसं हिरवळीवर जमली, थंडीत ताटकळली. फौज काही दिसेना, तेव्हा पार्करनं त्यांना मोकळं केलं, पण ढोलाच्या हाकेवर परत यायचं बजावून. जवळ राहणारे घरी गेले, बाकीचे समोरच्या बकमनच्या सराईत शेकोटीपाशी. साडेचारच्या सुमारास बातमी आली, फौज आलीच. विल्यम डायमंड नावाच्या पोरानं ढोल वाजवला. धावत येऊन उभे राहिले ते सत्याहत्तरच्या आसपास.

याच वेळचा एक तपशील मला विसरता येत नाही. हॅनकॉकच्या कागदपत्रांची एक पेटी सराईच्या माडीवर राहिली होती. रिव्हिअर आणि हॅनकॉकचा कारकून ती दोघांत उचलून मिलिशियाच्या मधूनच घेऊन चालले होते. समोर संगिनी आणि हे दोघे दप्तराची पेटी वाहतायत! त्या पेटीमागून जाताना रिव्हिअरच्या कानावर कॅप्टनचं बोलणं पडलं. त्यानं ते पुढे लिहून ठेवलं : फौजेला जाऊ द्या, त्यांनी सुरुवात केल्याशिवाय त्यांची कळ काढू नका.

आता हिरवळीवरच्या दगडावर काय कोरलंय बघा : "जागा सोडू नका. त्यांनी झाडल्याशिवाय गोळी झाडू नका. पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथूनच सुरू होऊ द्या." हे शब्द प्रसिद्धीला आले ते नातवाच्या लिखाणातून, गावात आणि घरात ऐकलेले.

आणि खुद्द कॅप्टननं २५ एप्रिलला, म्हणजे सहाच दिवसांनी शपथेवर दिलेली साक्ष अशी आहे : रात्री एकच्या सुमाराला वर्दी मिळाली, काय करावं याची मसलत करायला मी मिलिशियाला हिरवळीवर बोलावलं. फौज आली तरी आपण मध्ये पडायचं नाही असं ठरलं, त्यांनी आपल्याला छळलं तरच. आणि फौज अचानक जवळ येताच मी लगेच पांगण्याचा आणि गोळी न झाडण्याचा हुकूम दिला. तरी त्यांनी धावून येऊन गोळ्या झाडल्या, आमची आठ माणसं मारली.

एकाच माणसाचा हुकूम, दोन रूपं. दगडावर "जागा सोडू नका" आणि साक्षीत "पांगा".

मला साक्षीतला पार्कर जास्त जवळचा वाटतो. सत्याहत्तर शेतकरी, समोर शेकडो कवायती शिपाई, ओळीत आपले भाऊ-भाचे. पांगा म्हणणारा माणूस भित्रा नसतो. घरोघरी परत जाऊन कुणाला तोंड दाखवायचंय हे त्याला माहीत असतं.

पहिली गोळी कुठून सुटली यावर त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी साक्षी दिल्या. इंग्रज फौजेचा मेजर पिटकेर्न म्हणाला भिंतीआडून आली, गावकरी म्हणाले फौजेकडून.

कऱ्हाकाठ

साक्षीबद्दल एक जोड. या साक्षी नुसत्या आठवण म्हणून घेतल्या नव्हत्या, त्यांच्यामागे राजकारण होतं. मॅसॅच्युसेट्सचा इंग्रज गव्हर्नर गेज याचा सरकारी अहवाल लंडनला पोचण्याआधी आपली बाजू पोचावी म्हणून त्या घाईघाईनं गोळा केल्या आणि सेलमचा जॉन डर्बी 'क्वेरो' नावाच्या हलक्या जहाजातून त्या घेऊन गेला. तो खरोखरच आधी पोचला. तेव्हा "आम्ही पांगत होतो, त्यांनी मारलं" हे सांगण्यात त्यांचा फायदा होता हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. नातवाच्या काळात पुतळे उभारायची वेळ आली, तेव्हा "जागा सोडू नका" उपयोगाचं होतं. साधनाचा काळ बघावा आणि हेतूही बघावा.

दुसरं म्हणजे तारखा. १७७५ हे साल मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याच्या मनात पक्कं कोरलेलं असतं. मार्च १७७५, सुरतेचा तह. राघोबादादांनी गादीसाठी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली आणि साष्टी-वसई द्यायचं कबूल केलं. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतलेला. एप्रिल १७७५, लेक्झिंग्टन. मे १७७५, गुजरातेत अडासची लढाई, एकीकडे राघोबादादा आणि कर्नल कीटिंग, दुसरीकडे हरिपंत फडके. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, तीच ही कंपनी. पुढे यॉर्कटाउनला १७८१ मध्ये अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन येतो आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणपुढे त्याच्या शेजारी हरिपंत फडक्यांचा तळ पडतो.

मिलिशियाला आपल्याकडे नेमका शब्द नाही. आपली बंदूक आणायची म्हटल्यावर शिलेदार आठवतो, स्वतःचा घोडा आणणारा. पण शिलेदार मोहिमेवर लांब जातो, त्याचा मोबदला घेतो. हे लोक गावच्या वेशीतच उभे होते.

शेंदरी

मी जरा वेगळंच विचारते. लिडियाचं काय झालं? लेखात "मागे बायको लिडिया आणि सात मुलं" एवढंच आलंय. घरात क्षयाचा रुग्ण, पहाटे नवरा बंदूक घेऊन गेलेला, चुलतदीर मेला, सप्टेंबरात नवरा गेला. पेरणी-कापणी कुणी केली?

आमच्या घरात वंशावळीचा मोठा कागद आहे, माजघरात काचेत लावलेला. अकरा पिढ्या. त्यात एकाही मुलीचं नाव नाही. माझं नाही, माझ्या आत्यांचं नाही. सुनांची नावं कंसात, तीही लग्नानंतरची बदललेली. तेव्हा असली कुठलीही वंशावळ बघितली की मी आधी बायकांची नावं शोधते.

दप्तरबंद

शेंदरी ताई, तुमचं म्हणणं लागलं. मी स्वतः कुलवृत्तांताचं काम केलंय आणि त्यात हीच चूक मीही पुढे ओढली आहे. नव्या आवृत्तीत मुलींची नावं घालायला सुरुवात केली, पण मागच्या सहा-सात पिढ्यांची आता कुठून आणणार?

लिडिया मूर. १७५५ मध्ये लग्न. मुलं लिडिया, ॲना, जॉन, आयझॅक, रूथ, रिबेका, रॉबर्ट. चारही मुलींची नावं नोंदीत आहेत, कारण गावाच्या वहीत मुलीचा जन्मही मुलाच्या जन्मासारखाच लिहीत.

आणि लिडिया म्हातारपणी कशी होती हेही आपल्याला ठाऊक आहे, तेही नातवामुळेच. थिओडोर पार्कर, जन्म १८१०, कॅप्टनच्या जॉन नावाच्या मुलाचा अकरावा आणि शेवटचा मुलगा. त्यानं बालपणाच्या आठवणी लिहिल्यात. आजी त्यांच्याच घरात, सगळ्यात चांगल्या खोलीत राहायची. दिवसातून दोनदा, सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला, तिचं पेय तिला नेऊन द्यायचं काम या धाकट्याकडे. थंडीत कढत, उन्हाळ्यात थंड. दोन्ही दारूचेच प्रकार, तेव्हा घरोघरी चालायचे. कॅप्टनला जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर जन्मलेलं पोर, दोन्ही हातांनी पेला धरून कॅप्टनच्या विधवेच्या खोलीत शिरतंय. त्या पोराला आजोबा दगडावरून कळले नाहीत. ते असे कळले.

त्या घराला आणखी एक शेजार होता. १९ एप्रिलला जिच्यातून घंटा वाजली ती हिरवळीवरची लाकडी घंटाघराची इमारत १७९७ मध्ये गावानं विकली. ती पार्करांच्या शेतावर हलवली गेली आणि कॅप्टनच्या मुलानं तिच्यात चाकं घडवण्याचा कारखाना केला. म्हणजे थिओडोर लहानपणी ज्या कारखान्यात लाकडाच्या ढलप्या उडताना बघायचा, ती इमारत त्या रात्री गाव जागं करणारी. १९०९ मध्ये वादळानं ती पडली. आज टेकडीवर दिसते ती नंतर तशीच बांधलेली.

हाच थिओडोर पुढे बॉस्टनचा मोठा धर्मोपदेशक झाला, गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. १८५० च्या कायद्यानं पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचं ठरवलं, तेव्हा जॉर्जियातून निसटलेले विल्यम आणि एलन क्राफ्ट हे नवरा-बायको बॉस्टनमध्ये होते. मालकाची माणसं त्यांच्या मागावर. एलनला थिओडोरनं आपल्या घरात लपवलं. त्या दिवसांत तो प्रवचन लिहायचा तेव्हा मेजावर भरलेलं पिस्तूल असायचं. त्यानं राष्ट्राध्यक्ष फिलमोरला पत्र लिहिलं. त्यात सांगितलं की माझ्या अभ्यासिकेत आजोबांची लेक्झिंग्टनची बंदूक टांगलेली आहे आणि त्या दिवशी त्यांनी हस्तगत केलेली इंग्रजांचीही. क्राफ्ट दांपत्याचं रीतसर लग्न लावून त्यानंच त्यांना इंग्लंडला जाण्यासाठी निरोप दिला.

"नैतिकतेच्या विश्वाची कमान लांब आहे, पण ती न्यायाकडे झुकते" हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तोंडी ऐकलेलं वाक्य ज्या विचारातून आलं, तो थिओडोर पार्करच्या प्रवचनातला. १८६० मध्ये तो इटलीत फ्लोरेन्सला वारला. त्यालाही क्षयच. आजोबांचा रोग नातवापर्यंत आला. दोन्ही बंदुका त्यानं मॅसॅच्युसेट्स राज्याला दिल्या, त्या राज्याच्या सिनेटच्या सभागृहात टांगलेल्या आहेत.

तळकोकणी

वाचता वाचता रात्रीचा एक वाजला, पण थांबवेना.

मी कामानिमित्त तिकडे गेलो होतो तेव्हा तो पुतळा पाहिलाय. दगडांच्या राशीवर उभा, बाह्या वर सारलेला, तरणाबांड. लोक त्यालाच कॅप्टन पार्कर म्हणतात. तो तसा दिसायचा का?

दप्तरबंद

नाही. पुतळा १९०० सालचा, हेन्री हडसन किटसननं केलेला. पार्करचं कुठलंही चित्र नाही, त्यामुळे चेहरा त्याचा नव्हेच. घराण्यातल्या आठवणींप्रमाणे तो उंच, मोठ्या डोक्याचा, रुंद कपाळाचा. पण त्या पहाटेचा पार्कर पंचेचाळिशीचा आजारी माणूस. मला त्या पुतळ्यापुढे नेहमी वाटतं, इथे खोकल्याची उबळ दाबून उभा राहिलेला गृहस्थ दाखवला असता तर पोरांना जास्त कळलं असतं.

आणि दुपारही सांगायला हवी. सकाळी आठ माणसं गेली, दहा जखमी. त्याच दिवशी दुपारी, कॉन्कॉर्डहून परतणाऱ्या फौजेला पार्करनं तीच माणसं पुन्हा गोळा करून गावाच्या पश्चिम वेशीवर, लिंकनच्या हद्दीला लागून असलेल्या खडकाळ उतारावर गाठलं. याला 'पार्करचा सूड' म्हणतात. काही वर्षांपूर्वी तिथे पुरातत्त्वाचं काम झालं, मस्केटच्या गोळ्या निघाल्या. कोणती माणसं कुठे उभी होती हे त्यांच्यावरून लावता आलं. सकाळी जखमी झालेला जेडेडाया मन्रो दुपारी पुन्हा आला होता. तो त्या दुपारी गेला.

मन्रोंबद्दल हेही सांगून टाकतो. त्यांचा मूळ पुरुष विल्यम मन्रो स्कॉटलंडचा. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या हाती कैद झाला आणि इकडे आणून करारी नोकर म्हणून विकला गेला. पार्करांचा पूर्वज तिकीट काढून आला, मन्रोंचा विकला जाऊन. सव्वाशे वर्षांनी दोघांचे वंशज एका रांगेत.

माळरान

सगळं वाचलं. मला एक गोष्ट बोलायची आहे.

दप्तरबंद, तुम्ही दहा जखमींचा उल्लेख केला. त्यात एक प्रिन्स एस्टाब्रुक होता ना? मी मागे त्याच्यावर वाचलं होतं. काळा माणूस, बेंजामिन एस्टाब्रुकच्या घरचा गुलाम. पार्करच्या रांगेत उभा राहिला, खांद्यात गोळी लागली. त्याच्या पाच पिढ्या कुठायत? तुमच्या लेखात भावकी आली, सोयरीक आली, जावई आले. त्या रांगेत ज्याला भावकी ठेवू दिली नव्हती असा एक जण होता, तो नाही आला.

रागानं लिहीत नाही. हे माझ्या घरचं आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं वही नाही, वतन नाही. पंजोबा दगड फोडायचे. आजोबा दगड फोडायचे. जिथं काम तिथं पाल. नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आमचं नाव सापडत नाही, कारण आम्ही तिथं कधी गेलोच नाही. शाळेत मास्तरांनी घराण्याची माहिती लिहून आणायला सांगितली, तर पोरांनी चार-चार पानं आणली. माझं अर्धं पान पण भरलं नाही. आजीचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं ते १९७२ च्या दुष्काळात, रोजगाराच्या मस्टरवर. पाझर तलावाचं काम होतं. आजी सांगते, "मुकादमानं नाव विचारलं तवा मला वाईच थांबावं लागलं. मला समदी कुणाची तरी बाय म्हनायची."

तुमच्या लेखातला हजेरीपट वाचला आणि मला ते मस्टरच दिसलं.

दप्तरबंद

माळरान, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच लिहायला सुचलं नाही.

तुमचं बरोबर आहे. प्रिन्स एस्टाब्रुकचं नाव मला माहीत होतं. तरी लेखात आलं नाही, कारण मी वंशावळीच्या मागे होतो आणि वंशावळीत तो नाही. दप्तराच्या मागे लागलेल्या माणसाकडून अशी चूक होते. ज्याच्या नावाचा कागद आहे तेवढंच त्याला दिसतं.

जे ठाऊक आहे ते लिहितो. १७७५ सालीच छापलेल्या जखमी-मृतांच्या यादीत त्याचं नाव आहे, पुढे "निग्रो माणूस" अशी खूण घालून. बाकी कुणाच्या नावापुढे रंग नाही. जखम बरी झाल्यावर तो पुढच्या युद्धातही वेळोवेळी सैन्यात गेला. नंतर स्वतंत्र झाला. उतारवयात एस्टाब्रुकांच्या मुलाबरोबर ॲशबी नावाच्या गावी राहिला, तिथेच त्याला पुरलं. हिरवळीसमोर बकमनच्या सराईपाशी त्याच्या नावाचा दगड आता आहे.

थिओडोर पार्कर मोठा वाटतो तो मला इथे. आजोबांच्या बंदुकीचा वारसा सांगताना ती कुणासाठी उचलायची हे त्यानं ठरवलं. आजोबांच्या रांगेत गुलाम उभा होता. नातवानं एलन क्राफ्टला घरात घेतलं.

एक विचारतो, राग मानू नका. आजी आहेत का?

माळरान

आहे. नव्वदीला टेकली असेल. जन्मतारीख नाही, पण कान शाबूत आहेत. तिला तिच्या आजीचं नाव माहीत आहे. कोणकोणत्या खाणीवर पाल पडली ते गावांसकट पाठ आहे. कुणाचं लग्न कुठल्या कामावर लागलं, कोण कुठं दगावलं. मी कधी लिहून घेतलं नाही. कसं लिहायचं तेच कळत नाही. आडनाव दोनदा बदललंय, तारखा नाहीत. ती सांगते तेव्हा दोन वेळा दोन वेगळं सांगते. खरं कुठलं धरायचं?

कऱ्हाकाठ

मी सांगू का? दोन्ही धरा. दोन्ही लिहा. वर पार्करच्या हुकुमाचं बघितलंत ना, सहा दिवसांनी दिलेल्या साक्षीत एक आणि दगडावर दुसरं. कुणी एक फाडून टाकलं असतं तर आज आपल्याला एवढं बोलताच आलं नसतं.

दप्तरबंद

कऱ्हाकाठ म्हणतात तसंच. कुलवृत्तांताच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

आजी बोलतील ते आधी फोनवर ध्वनिमुद्रित करा, मग शब्दन्‌शब्द उतरवा. त्यांचीच भाषा ठेवा, शुद्ध करू नका. "वाईच थांबावं लागलं" हे तसंच राहू दे. पानाच्या वर लिहा, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तेव्हा कोण कोण बसलं होतं. तारखा विचारू नका, कामं विचारा. पाझर तलावाच्या आधी की नंतर? मोठा भूकंप झाला तेव्हा पोर पोटात होतं की मांडीवर? १९६७ चा कोयनेचा धरा, तिथून मागे-पुढे मोजता येतं. गावांची नावं त्या उच्चारतील तशी लिहा, नकाशावर नंतर शोधू. आणि शेंदरी ताईंचं ध्यानात ठेवा, बायकांची नावं आधी विचारा. आजीची आजी, तिची आई, जेवढं मागे जाईल तेवढं. लग्नाआधीची नावं.

शेंदरी

माळरान, उतरवून घ्यायला मदत लागली तर मला पाठवा. मी टाइप करून देईन. मनापासून म्हणते आहे.

माळरान

ताई, पाठवतो. उद्या रविवार आहे, घरीच आहे. आजी सकाळी चांगली बोलते, दुपारी दमते. न्याहारी झाली की बसतो.